दमानं मिस्त्री आणि देशमुखांची इटाली

दमानं मिस्त्रींना गाडी चालवता येत नव्हती. परभणीत जिंतूर रोडवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पस्तीसेक वर्षं त्यांनी जीपा, ट्रक, ट्रॅक्टर, विहिरीवरची ऑइल इंजिनं, जे दारात येईल ते खोललं आणि जोडलं. पण स्टिअरिंगमागे बसून शेडच्या दारापर्यंतसुद्धा गाडी कधी नेली नाही. काम झालं की मालकाला म्हणायचे, "बसा, चालू करा, अन् एक चक्कर मारून या." स्वतः पालथ्या घातलेल्या डब्यावर बसून कान देऊन राहायचे. मालक परत येऊन ब्रेक दाबेपर्यंत गाडीत काय जमलं आणि काय राहिलं ते त्यांना कळलेलं असे. कुणी चेष्टेनं विचारलं तर म्हणत, "बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरला सोताला पोरं झालेली लागतेत का?"

'दमानं' हे नाव आम्हा गिऱ्हाइकांनी पाडलेलं. दिवसातून शंभरदा तो शब्द त्यांच्या तोंडी यायचा. बोल्ट अडला, दमानं. ट्रकमालक उशीर झाला म्हणून तावातावानं आला, दमानं. एकदा शेडमध्ये विंचू निघाला आणि आम्ही सगळे बाकड्यावर चढलो, तेव्हाही मिस्त्री पाना हातात घेऊन शांतपणे "दमानं, दमानं" म्हणत होते, ते आम्हाला की विंचवाला, हे कळलं नाही. हा शब्द त्यांच्या उस्तादांचा. उस्ताद हैदराबादकडचे, निजामाच्या काळातले जुने कारागीर, आणि ते म्हणायचे 'आहिस्ता'. शिष्यानं तो मराठीत आणला. उस्तादांपायीच शेड दर शुक्रवारी बंद असायची. उस्ताद जाऊन किती वर्षं झाली होती, तरी शुक्रवारी मिस्त्री गिऱ्हाइकाचं काम घेत नसत.

मी परभणीच्या आयटीआयमध्ये टर्नरचा निदेशक होतो. लेथवर लोखंड कातायला शिकवणं हे माझं काम. मिस्त्रींना एखादा भाग बाजारात मिळाला नाही की ते माझ्याकडे यायचे, आणि मला 'मास्तर' म्हणायचे. अठ्ठ्याहत्तर साली एका कामासाठी आम्ही दोघं चारठाण्याला देशमुखांकडे गेलो. त्यांच्या विहिरीवरच्या इंजिनाचा दांडा झिजला होता, त्याची मापं मला घ्यायची होती. मापं झाली आणि एसटी बंद झाली. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात जे पेटलं, त्याचे ते दिवस. कुठल्या गावात काय जळालं याच्या बातम्या पायी येणाऱ्यांकडून कळायच्या, आणि ऐकून जेवण जात नसे. तीन दिवस आम्ही देशमुखांच्या पडवीत बसून होतो.

मिस्त्रींना रिकामं बसणं जमत नव्हतं. ते गोठ्यात हिंडत राहिले आणि तिसऱ्या दिवशी कडब्याच्या गंजीखाली त्यांना एक चाक दिसलं. तारांच्या आऱ्यांचं, मधोमध पितळी टोपण असलेलं. आम्ही दोघांनी कडबा ओढून काढला. आत एक प्रचंड लांब मोटार होती. नाक एवढं लांब, की आत आठ सिलिंडर एका ओळीत बसलेले. टपाच्या चिंध्या झाल्या होत्या, लाकडाला वाळवी लागली होती आणि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मिस्त्रींनी चपला काढल्या. देवळात काढतात तसं नव्हे, पायांनी अंदाज घ्यायचा असला की ते तसं करत. पण मला ते बघून बरं वाटलं.

घरच्या कर्त्या बाईसाहेब म्हणजे देशमुखांच्या विधवा सूनबाई, तेव्हा पन्नाशीच्या. त्यांना मोटारीचं काडीचं कौतुक नव्हतं. "ते धूड व्हय? इटाली देशाचं हाय. मामंजींनी हैदराबादहून आणलं व्हतं. तीस वर्षं झाले, हललं न्हाई. नीट करायचं तर न्या तिकडं. बैलांना जागा तरी व्हईल." अशा प्रकारे ती गाडी ट्रॅक्टरला बांधून परभणीला आली. गाडी देशमुखांची, राबणूक मिस्त्रींची, आणि वेळ शुक्रवारचा. त्या दिवशी मी पाच वाजता सुटलो की सायकल मारत शेडवर जायचो. एक-दोन वर्षांत होईल, असा माझा अंदाज होता. बारा वर्षं लागली. परभणीत त्या काळात कुठलीच गोष्ट एका दमात होत नसे. आज बंद, उद्या मोर्चा, परवा जमावबंदी, मधल्या दिवसांत नळाला पाणी नाही. मी तर त्या सबंध काळात थकलेलाच आठवतो मला.

इंजिनाचं डोकं उघडलं आणि मिस्त्री शिव्या द्यायला लागले. एरवी त्यांच्या तोंडी शिवी नसे. झालं होतं असं. इंजिनाचं डोकं खाली धरून ठेवायला छत्तीस स्टड, म्हणजे लांब बोल्ट, असतात आणि ते ॲल्युमिनियमच्या अंगात आट्यांनी बसवलेले असतात. गाडी इटलीची, म्हणजे सगळं मिलिमीटरमध्ये. आमच्या मुलखात मात्र सगळं सुतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार, लोहार, मिस्त्री, सगळे त्यातच बोलणार, आणि हत्यारंही विलायती इंचाची. पूर्वी कुणीतरी या इंजिनात इंचाचे आटे ठोकून काढले होते. एक-दोन नव्हे, मागच्या कोपऱ्यातला एक स्टड सोडून सगळे. त्या ओढाताणीत अंगाला टीचभर चीर गेली होती. "ज्यानं केलं त्याला हात कशाला दिले देवानं?" मिस्त्री म्हणायचे. तीन वर्षं दर शुक्रवारी त्या अनोळखी माणसाचा उद्धार ऐकत मी चहा प्यायलो. मलाही तो माणूस गाढवच वाटायचा.

एक्क्याऐंशीच्या खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा होती. दरवर्षी त्या दिवशी मिस्त्री बंद पडलेल्या इटालीलाही झेंडूचा हार घालत. पूजेआधी पुसापुशी करताना त्यांनी इंजिनाचं एक झाकण रॉकेलनं धुतलं आणि उजेडात धरलं. आतल्या बाजूला पंचानं मारलेले तीन ठिपके होते, दोन खाली, एक वर. मिस्त्रींनी झाकण खाली ठेवलं आणि हात पुसत राहिले. कोरडे झाले तरी पुसत राहिले. मी विचारलं, तर म्हणाले, "उस्तादाची खूण हाय. आमाला बी तीच घालायला शिकवली."

त्या आठवड्याच्या शुक्रवारी काम झालं नाही. पुढच्या आठवड्यात ते मला घेऊन चारठाण्याला गेले. बाईसाहेबांना त्यांनी आपल्या उस्तादांचं नाव सांगून सरळच विचारलं, की ह्या गाडीचं डोकं कुणी उघडलं होतं.

"तुमच्या उस्तादानं," बाईसाहेब म्हणाल्या. "दुसरं कोण उघडणार? तो मामंजींच्या मोटारखान्यात व्हता. मी तवा नवी नवरी. रझाकारांचा जोर लय वाढला व्हता. मामंजी म्हणले, बायका अन् लेकरं आजच्या आज वऱ्हाडच्या हद्दीत पोचवा. अन् गाडीचे ते बोल्ट तुटून पडलेले. बैलगाडीनं गेलो आसतो तर वाटंतच गाठलं आसतं आमाला. उस्तादानं दिवसभर पाणी बी न्हाई घेतलं. जे हत्यार व्हतं त्यानंच आटे पाडले. मी दारात उभी व्हते. मला म्हणला, आज का दिन चलेगी, कल का मेरेकु नको पूछो."

"मग?" मिस्त्रींनी विचारलं.

"मग काय, आमी हद्द पार केली. मी, सासूबाई, घरातली चार लेकरं. समदे जगले. परत येताना इंजिन चिरलं. मामंजी आले तवा त्याला म्हणले, तू माझ्या गाडीची माती केली. हाकलून दिलं. माणूस गप निघून गेला. मी नवी नवरी, मी काय बोलणार?" मग त्याच म्हणाल्या, "बोलायला पाहिजे व्हतं."

येताना एसटी जिंतूरला थांबली. मिस्त्री खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "मी तीन वर्षं कुणाला शिव्या द्यायलो व्हतो, मास्तर?" उस्तादांनी शेवटची वर्षं परभणीत स्टेशनजवळ गॅसबत्त्या दुरुस्त करत काढली, आणि देशमुखांकडची नोकरी का सुटली हे शिष्याला कधी सांगितलं नाही. आयुष्यभर 'आहिस्ता' म्हणणाऱ्या माणसानं घाई केली ती एकदाच, आणि त्याच कामावरून त्याला नालायक ठरवलं गेलं. मिस्त्रींच्या डोक्यातून हे काही केल्या जाईना. शेडवर पोचल्यावर ते म्हणाले, "आता हे काम आसं व्हायला पाहिजे, की पुन्हा कुणी झाकण उघडलं तर त्याला कळूच न्हाई हितं काही चुकलं व्हतं. उस्तादाच्या हाताला परत कुणी नावं ठेवू न्हाई." त्या दिवसापासून ती गाडी देशमुखांची राहिली नाही.

त्यांच्यासाठी ते सोपं होतं, कारण त्यांना कारण मिळालं होतं. आटे कातायचे होते मला. इंचाचं प्रत्येक भोक मोठं करायचं, त्यात काशाचा बुश, म्हणजे पोकळ नळकांडं, बसवायचा, आणि त्या बुशात आतून इटलीच्या मापाचे आटे. असे पस्तीस बुश. माप घ्यायला उस्तादांनी हात न लावलेला तो मागच्या कोपऱ्यातला एकच स्टड. मी पहिला घाणा सहा महिन्यांत काढला. स्टड झिजलेला आहे हे मी धरलंच नव्हतं. एकही बुश नीट लागेना. मिस्त्री म्हणाले, "दमानं." मी भडकलो. मला घर होतं, बदलीची टांगती तलवार होती, बायको शुक्रवारच्या नावानं बोटं मोडत होती. मी म्हणालो, "मिस्त्री, तुमचे उस्ताद, तुमची गाडी, मी कशाला झिजू?" त्यांनी स्टोव्ह पेटवला, चहा ठेवला. "थकलाव तर बसा. बसल्यानं काम थांबतंय, बिघडत न्हाई." मी बसलो. त्या डब्यावर बसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कंटाळ्याचं होतं, दुसऱ्या कशाचं नाही. दुसरा घाणा मी दोन वर्षांत काढला. तो लागला.

बाकीची गाडी जिल्ह्यातल्या माणसांनी केली. वाळवीनं खाल्लेली चौकट राणीसावरगावच्या एका सुतारानं बाभळीची करून दिली. तो बैलगाड्या करायचा, त्यामुळे चौकट इतकी भक्कम झाली की दार लावताना दोघं लागायचे. दारांच्या मुठी तांबटानं पितळेच्या ओतल्या. सीटा ज्यानं शिवल्या, त्याचं घर अठ्ठ्याहत्तर साली गावात जळालं होतं आणि तो बायकोमुलांना घेऊन परभणीला आला होता. मिस्त्रींनी त्याला शेडमागची खोली राहायला दिली. शेजारच्या दुकानदारांनी नाकं मुरडली आणि पाण्याच्या माठावरून कुरबूर सुरू केली. मिस्त्रींनी आपला माठ उचलून त्याच्या दाराशी ठेवला आणि तिथं जाऊन पाणी प्यायला लागले. पुढं हळूहळू कुरबूर बंद झाली.

नव्वद सालच्या हिवाळ्यात इटाली चालू झाली. चालवायला एक रिटायर झालेले एसटीचे ड्रायव्हर बोलावले होते. मिस्त्री पायफळीवर उभे राहिले, एक हात दाराला, कान इंजिनाकडे. जिंतूर रोडवरून ती गाडी गेली तेव्हा रिक्षावाले बाजूला थांबले, चहाच्या गाड्यावरचे लोक उठून उभे राहिले, आणि मी सायकलवरून मागे धावत होतो, चाळिशी उलटलेला माणूस. परत आल्यावर मिस्त्री एवढंच म्हणाले, "चौथा सिलिंडर जरा कुरकुर करायलाय." पण त्यांचा चेहरा मी आधी तसा कधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

बाईसाहेबांना खास बोलावलं. त्या आत बसल्या, सीटवरून हात फिरवला. "लय गलका करायलीय. पयले एवढी करत नव्हती," असं म्हणाल्या, आणि मिस्त्री हसले, कारण ते खरं होतं. मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "उस्ताद आसायला पाहिजे व्हता." पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

त्यांचा मुलगा पुण्यात असे. त्याला गाडीचं काय करायचं ते कळेना; मुंबईचे एक जुन्या गाड्यांचे शौकीन गृहस्थ आपली माणसं घेऊन आले, त्यांना त्यानं ती देऊन टाकली. त्याचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. मिस्त्रींनी त्या लोकांना एक पूर्ण दिवस बसवून घेतलं आणि कुठल्या बोल्टला किती जोर द्यायचा, कुठलं झाकण आधी काढायचं, सगळं समजावून सांगितलं. ते लोक मान डोलवत होते. गाडी ट्रकवर चढली, दोरखंड आवळले गेले. ट्रक गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "आता बसतो जरा." शेडमध्ये मधोमध जी रिकामी जागा झाली होती तिच्याकडे तोंड करून ते दिवेलागणीपर्यंत बसले होते.

दीड वर्षानं ट्रान्सपोर्टनं एक पोतं आलं. सोबत पत्र, इंग्रजीत टाइप केलेलं. मिस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ते पत्र आणि पोतं घेऊन माझ्या घरी आले. मी वाचून सांगत गेलो. गाडी आता मूळ रूपात आणली आहे. परदेशातून त्याच जातीचं अस्सल इंजिन मिळालं, ते बसवलं आहे आणि जुनं खोलून सुटं केलं आहे. लाकूड, मुठी, सीटा सगळं मूळ नमुन्याप्रमाणे नवं केलं आहे. आधीचे सुटे भाग आपले म्हणून साभार परत करत आहोत. मी पत्राची घडी घातली.

मिस्त्री माझ्याकडे बघत होते. "एक ओळ तुमी गाळली, मास्तर. तुमचा डोळा थांबला अन् तोंड पुढं गेलं."

इंजिनं ऐकून ज्याचं आयुष्य गेलं त्याच्यापुढं माझं काय चालणार. मी ती ओळ वाचली. आधीची दुरुस्ती अडाणी हातांनी केलेली असल्यामुळे ती संपूर्ण काढून टाकावी लागली, असं लिहिलं होतं.

मला वाटलं ते चिडतील. मी चिडलोच होतो. मुंबईला उलट पत्र लिहायचं, चार खडे शब्द सुनवायचे, असं बोलूनही गेलो. मिस्त्रींनी पोतं उलटं केलं. बाभळीचे तुकडे, पितळी मुठी आणि माझे बुश फरशीवर घरंगळत गेले. एक बुश उचलून त्यांनी आत बोट फिरवून पाहिलं. "चांगले झाले व्हते आटे," ते म्हणाले. मग अगदी थकलेल्या आवाजात म्हणाले, "ते बरोबर हायेत, मास्तर. मी तरी काय केलं? उस्तादाचं काढूनच टाकलं की. त्यांच्या आट्यांनी सहा जीव वाचले, अन् मी ते कोरून फेकून दिले. ऱ्हाऊ द्यायला पाहिजे व्हते का?"

मी घरंगळलेले बुश गोळा करायला लागलो. ते उठताना गुडघ्यावर हात टेकून उठले. दाराशी जाऊन म्हणाले, "हे ठिवा तुमच्या वर्गात. पोरांना दाखवा. सांगा, आसं करू न्हाई."

त्यानंतर शेड शुक्रवारी बंद राहायची आणि हळूहळू इतर दिवशीही बंद राहायला लागली. ज्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याच महिन्यात मिस्त्री गेले. शहरात बंदोबस्त होता, रस्त्यांवर कुठं मिरवणुका, कुठं शुकशुकाट. खांदा द्यायला आम्ही मोजकेच होतो. सीटा शिवणारा गळ्यात निळा रुमाल बांधून मिरवणुकीतून थेट आला. तो पुढं होता, मी मागं. त्या दिवशी मला नीट रडताही आलं नाही, इतका शीण आला होता सगळ्याचा.

मी आता निवृत्त झालो आहे. त्या जानेवारीनंतर जितकी वर्षं नोकरी केली, तितकी वर्षं प्रत्येक नव्या तुकडीला मी पोत्यातला एक काशाचा बुश हातोहात फिरवायला दिला. सूत आणि मिलिमीटर समजावलं. उस्तादांचा तो एक दिवस सांगितला, मिस्त्रींची बारा वर्षं सांगितली, पत्रातली ओळसुद्धा गाळली नाही. पोरं ऐकून घ्यायची, आणि शेवटी एखादा हटकून विचारायचा, "मग सर, ह्यातलं चुकलं कोणाचं?" मिस्त्रींनी सांगितलेलं 'आसं करू न्हाई' हे वाक्य तिथंच बोलायचं होतं. दरवर्षी मी ते जुळवून ठेवायचो, आणि दरवर्षी बुश परत घेऊन कपाटात ठेवायचो आणि म्हणायचो, चला, लेथ चालू करा.